गोळीच्या वेळा आणि दोनशे पानी वही

ह्यांना पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, आहे हे कळायला बराच काळ गेला, कारण हात थरथरत नव्हता. उजवा खांदा दुखायचा, म्हणून शेक, मालिश, हाडांचे डॉक्टर असं सगळं करून झालं. सही बारीक होत चालली होती. चेकवरची सही जुळत नाही म्हणून बँकेतून फोन आला. फोडणी करपली तरी ह्यांना वास येत नसे. चालताना उजवा हात हलतच नाही, हे शेवटी लेकीच्या लक्षात आलं आणि आम्ही साताऱ्याहून पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो.

डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितली, पॅसेजमध्ये चालायला लावलं, मागून खांदे ओढून तोल पाहिला. एमआरआय केला तो दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी. ह्या आजारात मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि लक्षणं दिसायला लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. त्या स्पष्टपणाचे मी आजही आभार मानते.

सिंडोपा नावाची गोळी सुरू झाली. तिच्यात लेव्होडोपा आणि कार्बिडोपा असतं. नुसतं डोपामिन पोटात घेतलं तर ते मेंदूपर्यंत पोचत नाही, लेव्होडोपा पोचतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्ची पडू देत नाही. काही वर्षं छान गेली. हे पुन्हा बाजारात जाऊन भाजी निवडून आणायला लागले.

मग दुपारी गाडी अडायला लागली. सकाळी व्यवस्थित असणारा माणूस तीनच्या सुमाराला खुर्चीतून उठू शकत नसे. "रोज होतं का? गोळीनंतर किती वेळाने?" असं डॉक्टरांनी विचारलं की मी आणि हे वेगवेगळी उत्तरं द्यायचो. म्हणून दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: गोळी किती वाजता, अंग मोकळं कधी झालं, पुन्हा जड कधी झालं, जेवण कधी आणि काय.

थोड्याच दिवसांत वहीच बोलायला लागली. ज्या दिवशी मटकीची उसळ किंवा पनीर, आणि गोळी जेवणाबरोबर, त्या दिवशी दुपार हमखास वाया. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच वाटेने शिरतात, त्यामुळे दोन्ही एकदम आली की गोळी मागे पडते. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगितली. उसळ, पनीर रात्रीच्या जेवणात गेलं. बंद मात्र केलं नाही, कारण वजन आधीच उतरत होतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच संपत होता. डॉक्टरांनी मात्रा फारशी न वाढवता दोन गोळ्यांमधलं अंतर कमी केलं. मात्रा वाढली की अंग आपोआप वळवळायला लागतं, तेही सांभाळायचं असतं. तेव्हापासून मोबाइलवर गजर लावलेला असतो, आणि तो वाजला की पाहुणे असोत, पूजा असो, गोळी आधी.

पाय चिकटण्याला मात्र गोळी पुरली नाही. स्वयंपाकघराच्या दारात आले की हे थबकायचे, जणू फरशीने पाय धरून ठेवलेत. अशा वेळी हात धरून ओढायचं नाही, तोल जातो. फिजिओथेरपिस्टने दारापाशी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावायला सांगितले. नुसतं चाला म्हटलं तर जे पाऊल उचलत नाही, ते पट्टा ओलांडायचा म्हटलं की उचलतं. तालानेही तसंच होतं. ह्यांनी वारी केलेली आहे; मी "ज्ञानबा-तुकाराम" सुरू केलं की डावं-उजवं पाऊल आपसूक पडतं. पाहुण्यांसमोर सुरुवातीला हे संकोचायचे, आता स्वतःच म्हणतात.

हर्नियाच्या ऑपरेशनला दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा माझा सगळ्यांत जास्त जीव गेला तो गोळ्यांच्या वेळांवर. वॉर्डात औषधं त्यांच्या फेरीप्रमाणे मिळतात आणि एक गोळी तासभर उशिरा आली की ह्यांना कूस बदलता येत नाही. मी वहीतलं वेळापत्रक एका कागदावर उतरवून दोन प्रती केल्या, एक फाइलला लावली, एक पलंगाशी. त्याखाली डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या: सिंडोपा अचानक बंद करू नये, आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, कारण ते डोपामिनचं काम अडवतं. ऑपरेशननंतर मळमळ झालीच. सिस्टरांनी कागद वाचला, डॉक्टरांना फोन केला आणि दुसरं औषध दिलं.

सध्या वहीत एक रकाना वाढलाय. सकाळी उठून उभं राहताना ह्यांना चक्कर येते, म्हणून आधी झोपून आणि मग उभं राहून, असा दोनदा रक्तदाब मोजते. पुढच्या भेटीत ते आकडे दाखवायचे आहेत.