काच भट्टीत जाण्याआधी

टफन्ड काच भट्टीतून बाहेर आली की तिला भोक पाडता येत नाही, तिची कड घासता येत नाही, दोन मिलिमीटरही कापता येत नाही. सुमारे 620 ते 650 अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड केलेली ही काच बाहेरच्या थरात दाबाखाली आणि पोटात ताणाखाली असते. तो तोल एका जागी मोडला तरी अख्ख्या काचेचा चुरा होतो. लोखंडी बीमचं भोक साइटवर वाढवता येतं, काँक्रीट खरवडता येतं, काचेला ती सवलत नाही. त्यामुळे काचेच्या मोठ्या दर्शनी भिंतीचं काम ‘आधी आर्किटेक्टचं ड्रॉईंग, मग इंजिनिअरचं गणित, मग फॅब्रिकेटरचं कोटेशन’ असं ओळीने होऊच शकत नाही. प्रोसेसर (काच कापून, भोकं पाडून भट्टीत टफन करणारा कारखाना) आणि उभारणी करणारी टोळी धरून सगळ्यांनी ऑर्डर जाण्याआधी एकत्र बसावं लागतं.

आपल्याकडे ‘स्ट्रक्चरल ग्लेझिंग’ म्हटलं की अॅल्युमिनियमच्या चौकटीवर सिलिकॉनने चिकटवलेली काच डोळ्यांपुढे येते. तो प्रकार वेगळा. इथे विषय आहे तो चौकटच नसलेल्या, बोल्टवर आणि केबलवर तोललेल्या काचेचा, जिथे काच स्वतःच वजन वाहते.

या प्रकारातलं माझ्या मते आजही सर्वांत शिकण्यासारखं काम म्हणजे पॅरिसच्या ला व्हिलेत इथलं विज्ञान संग्रहालय, सिते दे सियांस. जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीचं रूपांतर करून ते 1986 साली उघडलं. आर्किटेक्ट आद्रियाँ फँसिल्बेर. बागेच्या बाजूच्या तीन भव्य काचघरांसाठी पीटर राइस, मार्टिन फ्रान्सिस आणि इयान रिची यांची आरएफआर ही संस्था कामाला लागली: एक इंजिनिअर, एक डिझायनर आणि एक आर्किटेक्ट. फ्रान्सिस यांनी त्याआधी इंग्लंडमध्ये इप्सविचच्या विलिस फेबर इमारतीवर (1975) वरून टांगलेल्या काचेचं काम केलं होतं. तिथे कोपऱ्यांवर धातूच्या पट्ट्या होत्या आणि वारा पेलायला आत काचेच्याच उभ्या फिन, म्हणजे भिंतीला काटकोनात लावलेल्या पट्ट्या. ला व्हिलेतला त्या फिनही नको होत्या.

प्रत्येक काचघराचा दर्शनी भाग 32 मीटर रुंद आणि 32 मीटर उंच. स्टेनलेस नळ्यांच्या सांगाड्याने त्याचे 8 बाय 8 मीटरचे चौकोन केले आणि दर चौकोनात साधारण 2 बाय 2 मीटरच्या 16 काचा बसवल्या. काच 12 मिलिमीटर जाडीची टफन्ड. काचेचं वजन घनमीटरला 2500 किलो, म्हणजे एक काच 120 किलोची. चार काचांची उभी ओळ एकीखाली एक लटकते आणि तिचं 480 किलो वजन सगळ्यात वरच्या काचेच्या मधोमध, एका स्प्रिंगवाल्या आधारावर येतं. टांगायचं कारण सरळ आहे. पातळ काच खालून उभी केली तर दाबाखाली बाक घेते, टांगली की ओळंब्यासारखी सरळ राहते. स्प्रिंगमुळे ओळीओळींत भार सारखा वाटला जातो आणि एखादी काच फुटलीच तर बसणारा हिसका सौम्य होतो.

वाऱ्याचा भार मात्र काच एकटी घेत नाही. मागे आडव्या केबल-ट्रस आहेत, एकमेकींविरुद्ध बाक दिलेल्या दोन केबलींच्या. एक वाऱ्याचा दाब घेते, दुसरी ओढ. हा भार किती मोठा असतो ते आपल्या आकड्यांत पाहू. आयएस 875 भाग 3 या भारतीय मानकाप्रमाणे मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर, पुण्याचा 39. दाब काढायचा तर 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे मुंबईत चौरस मीटरला सुमारे 1160 न्यूटन. उंची, परिसर आणि इमारतीचा आकार यांचे गुणक अजून लागायचेच आहेत. तरी 2 बाय 2 मीटरच्या काचेवर सुमारे 470 किलोचा जोर आला, तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास चौपट. इमारतीच्या कोपऱ्यांवर ओढ आणखी वाढते, म्हणून कोपऱ्यातल्या काचांचं गणित वेगळं मांडावं लागतं.

खरी करामत आहे ती भोकात. वाऱ्याने काच वाकली आणि बोल्ट ताठ राहिला, तर सगळा पीळ भोकाच्या काठावर येतो. स्टील अशा जागी थोडं सैल पडून भार शेजारी सरकवतं. काच सैल पडत नाही, तडकते. म्हणून आरएफआरने बोल्टच्या डोक्यात गोल फिरणारा सांधा ठेवला आणि त्याचं केंद्र नेमकं काचेच्या जाडीत आणलं. काच वाकली की सांधा फिरतो, भोकाला पीळ बसत नाही. काचेचा प्रोसेसर, धातूकाम करणारा आणि गणित करणारा यांनी एकत्र नमुने तोडून पाहिल्याशिवाय असा भाग जन्माला येत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या ‘स्पायडर’च्या (काचांचे कोपरे धरणाऱ्या बहुपायी धातूच्या हाताच्या) सांध्यांमागे हाच विचार आहे. स्वस्त स्पायडरमध्ये मात्र कित्येकदा फिरणारा सांधा काचेच्या मागे बराच दूर असतो किंवा नसतोच. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून कॅटलॉगचं चित्र पाहून निवडू नका, सांध्याचं छेदचित्र मागवा.

भोकाचे साधे नियमही शॉप ड्रॉईंगवर लिहिलेले हवेत. व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको. भोकाची कड काचेच्या कडेपासून जाडीच्या निदान दुप्पट दूर, आणि बोल्टवर टांगायची काच असेल तर गणित करून त्याहून बरीच जास्त. भोक दोन्ही बाजूंनी ड्रिल करायचं, कारण एकाच बाजूने आरपार गेलं की पलीकडे टवके उडतात. लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या काचा) असेल तर दोन थरांची भोकं तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एका थरातलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात.

आता टेबलाभोवती कोणी काय आणायचं. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने ‘स्लॅब सुरक्षित आहे’ एवढं सांगून भागत नाही. काच बसल्यानंतर स्लॅबची कड किती मिलिमीटर खाली येणार, तो आकडा हवा. भूकंपात मजला आडवा किती सरकेल तेही हवं. उंचीच्या 0.004 पट ही मर्यादा धरली तर 4 मीटरच्या मजल्यात 16 मिलिमीटर. मग तापमान: 10 मीटर लांबीत 40 अंशांच्या फरकाने काच सुमारे 3.6 मिलिमीटर वाढते, स्टील 4.8, अॅल्युमिनियम 9 च्या वर. हे सगळं सांध्यांत आणि काचेची खालची कड ज्या खाचेत बसते त्या चॅनेलच्या खोलीत मावलं पाहिजे. टांगलेली काच खालच्या चॅनेलमध्ये टेकली की ती टांगलेली राहत नाही, आणि फुटण्याचं हे नेहमीचं कारण. प्रोसेसरने भट्टीचं आणि ऑटोक्लेव्हचं (लॅमिनेटेड काच दाबाखाली तापवून चिकटवणाऱ्या यंत्राचं) मोठ्यात मोठं माप सांगायचं. उभारणीवाल्याने क्रेन कुठवर पोचते ते.

काँक्रीटची कड ड्रॉईंगपेक्षा 20-25 मिलिमीटर इकडेतिकडे असणं साइटवर नवं नाही, काच मात्र 2 मिलिमीटरच्या हिशेबात येते. मधला फरक ब्रॅकेटच्या लांबट भोकांनी खायचा. म्हणून ब्रॅकेट ठरवण्याआधी टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाच्या मोजयंत्राने) सगळ्या कडा मोजून घ्या. केबलची भिंत असेल तर ताण टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो, कारण एक केबल ओढली की शेजारची सैल पडते. काच लावण्याआधी तिच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या टांगून सांगाडा किती खाली येतो ते पाहण्याची पद्धत खर्चिक वाटते, पण मला ती अपरिहार्य वाटते.

टफन्ड काच कधीकधी कोणी हात न लावता फुटते. आत अडकलेला निकेल सल्फाइडचा बारीक कण हळूहळू 2 ते 4 टक्के फुगतो, हे त्यामागचं कारण. उपाय म्हणजे हीट सोक: 260 ते 290 अंशांवर निदान दोन तास काच ठेवायची, फुटायची ती कारखान्यातच फुटते. धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून माणसांच्या डोक्यावर लॅमिनेटेडच. तिथेही दोन्ही थर टफन्ड असून दोन्ही फुटले तर काच ओल्या गोधडीसारखी लोंबते. एक थर हीट-स्ट्रेंदन्ड (टफन्डपेक्षा हळू थंड केलेला) ठेवला तर त्याचे तुकडे मोठे होतात आणि काच जागेवर टिकते. उन्हात काचांमधला साधा पीव्हीबी प्लास्टिकचा थर मऊ पडतो, बोल्टवरच्या काचेला कडक आयनोप्लास्टचा थर बरा.

साइटवर बिघडतं ते बहुधा छोट्या गोष्टींत. बुश (बोल्ट आणि काच यांच्यामधलं मऊ अस्तर) विसरला आणि धातू काचेला भिडला. टॉर्क रेंच (ठरल्या जोरानेच आवळणारा पाना) न वापरता बोल्ट अंदाजाने पिळला. सिलिकॉन न्यूट्रल हवं, व्हिनेगरसारखा वास येणारं लॅमिनेटेड काचेच्या कडेला लावलं तर पीव्हीबी सुटायला लागतो. कडा दोन फडक्यांनी पुसायच्या: पहिलं सॉल्व्हंटचं, लगेच मागोमाग दुसरं कोरडं. पावसाळ्यात ओल्या कडेवर सिलिकॉन मारण्यापेक्षा आठवडा थांबलेलं चांगलं.

आणि ऑर्डरबरोबरच जास्तीच्या काचा मागवा, निदान प्रत्येक मापाची एक, कारण नंतरच्या बॅचच्या कोटिंगची छटा जुळेलच असं नाही. टांगलेल्या ओळीतली वरची काच बदलायची तर खालच्या काचांचं वजन तात्पुरतं कोणत्या हुकावर घ्यायचं, तो हुक मूळ सांगाड्यातच वेल्ड केलेला हवा आणि त्याचा नंबर इमारत सांभाळणाऱ्यांच्या ड्रॉईंगवर असावा.