तुकोबांच्या पालखीसोबत एक ख्रिस्ती

मी मराठी ख्रिस्ती आहे, दर रविवारी उपासनेला जाते, आणि यंदा देहूहून पंढरपूरपर्यंत संत तुकाराम महाराजांच्या पालखीसोबत एका दिंडीतून पायी चालले. हे सांगितले की ऐकणारा क्षणभर थबकतो, कारण माणसाची श्रद्धा, त्याची भाषा आणि त्याचा गोतावळा एकाच चौकटीत बसलेला असावा, अशी आपल्या समाजाची अपेक्षा असते. आमच्याकडे ती चौकट कधी तेवढी घट्ट नव्हती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. आमच्या उपासनेत टाळ-मृदंगावर भजने होतात आणि अभंगाची चाल माझ्या कानात लहानपणापासून आहे. तो पूल ज्यांनी बांधला त्यांच्या वाटेने चालावे, ही इच्छा बरीच वर्षे मनात होती.

नाव नोंदवताना मी माझा धर्म सांगितला. दिंडीप्रमुखांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "माउली, इथं नेम पाळायचा. पहाटे वेळेवर उठायचं, ओळ मोडायची नाही, मांसमच्छी आणि नशापाणी वर्ज्य. बाकीचं तुमचं आणि तुमच्या देवाचं." माळ घालण्याचा आग्रह त्यांनी केला नाही आणि मीही ती घातली नाही, माळ म्हणजे आयुष्यभराचे व्रत, ते न स्वीकारता नुसती खूण मिरवणे मला वारकऱ्यांचाच अनादर करणारे वाटले.

देहूतून निघालेल्या पालखीची पहिली अभंग-आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. सलोख्यावर तिथे कोणी भाषण करत नाही, फलक लावत नाही. पालखी थांबते, आरती होते, पालखी पुढे जाते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या या सोहळ्यात दर्ग्यापाशी थांबणे ही वहिवाट होऊन गेली आहे, आणि वहिवाट झालेली गोष्ट घोषणेपेक्षा टिकाऊ असते, असे मला त्या गर्दीत उभे राहून वाटले.

माझी खरी अडचण नामाची होती. लोणी काळभोर मागे पडेपर्यंत मी टाळ वाजवत होते, पण विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला की ओठ मिटून घेत होते. देव शेवटी एकच, असे म्हणून अनेकांनी माझी समजूत काढली. तथापि त्या उत्तराने माझ्या श्रद्धेचाही आणि त्यांच्या श्रद्धेचाही वेगळेपणा पुसला जात होता, म्हणून ते मला पत्करता आले नाही. ज्या अभंगांत तुकोबा स्वतःचे दोष उघडे करून देवाच्या पायाशी करुणा भाकतात, ते मात्र मी पूर्ण कंठाने गाऊ शकत होते, कारण ती माझीच प्रार्थना होती. शेजारी चालणाऱ्या आजींच्या हे ध्यानात आले. त्या म्हणाल्या, "गजराला तू आपली गप राहा गं, पण पाऊल चुकवू नको." उंडवडी, बारामती, बेलवडीचे रिंगण, इंदापूर हा पुढचा सारा प्रवास मी तसाच केला.

वारीत भेद उरत नाहीत, असे सर्रास लिहिले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. ओळीत चालताना, पावसात एका ताडपत्रीखाली दाटीने बसताना, लहानथोर एकमेकांच्या पाया पडताना भेद खरोखरच गळून पडतात. परंतु मुक्कामी तंबूत निवांतपणा मिळाला की "गाव कोणतं?" यानंतर "आडनाव काय?" हा प्रश्न येतोच, आणि माझ्या आडनावावरून धर्मांतरापूर्वीची जात शोधण्याचा प्रयत्नही झाला. मला राग आला नाही, दुःख झाले, कारण लग्न जुळवताना आमच्या ख्रिस्ती मंडळीतही हीच चौकशी होते.

पंढरपुरात महाद्वारापाशी नामदेव पायरी आहे आणि तिच्याजवळच संत चोखामेळा म्हणजे चोखोबांची समाधी आहे. ज्या संताला जन्मभर देवळाबाहेर राहावे लागले, त्याच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला आत प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. म्हणजे शतकानुशतके लाखो माणसे "माउली" म्हणत इथवर चालत आली, तरी दार उघडायला एका माणसाला प्राण पणाला लावावे लागले. वारीवर माझे प्रेम आहे, म्हणूनच तिच्याविषयी बोलताना हे वगळू नये, असे माझे ठाम मत आहे. चोखोबांच्या समाधीपुढे मी मनापासून नतमस्तक झाले. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत मात्र उभी राहिले नाही; दिंडीतील कोणीही त्याचे कारण विचारले नाही. द्वादशीचे पारणे मी त्यांच्याच पंगतीत सोडले आणि पुढच्या रविवारी आमच्या मंडळीसमोर या वाटेची साक्ष दिली. काहींना ती पटली, काहींनी परखड प्रश्न विचारले, आणि ती चर्चा अजून चालू आहे.