वेस्ट स्टो : विणण्याआधीची कताई

इंग्लंडमधील सफोक परगण्यात, लार्क नदीकाठच्या वाळूवर, वेस्ट स्टो येथे पाचव्या ते सातव्या शतकात अँग्लो-सॅक्सन लोकांची वस्ती होती. स्टॅनली वेस्ट यांनी 1965 ते 1972 या काळात तिचे उत्खनन केले आणि पुढे त्याच जागी, त्या काळची अवजारे व तंत्रे वापरून, काही घरे पुन्हा बांधण्यात आली. ती पाहण्यासाठी मी बरी सेंट एडमंड्सहून तेथे गेलो.

उत्खननात सुमारे 70 घरांखाली खड्डे आढळले होते. लोक खड्ड्याच्या तळाशी राहत की त्यावर फळ्यांची जमीन असे, हा वाद दोन्ही प्रकारची घरे बांधून तपासला गेला. वाळूच्या कडा वावरताना ढासळतात, हे ध्यानात घेता फळ्यांची बाजू मला अधिक पटते.

मी सर्वाधिक रेंगाळलो तो मागापाशी. जळालेल्या घरांत मातीची जी कडी सापडली, ती उभ्या मागाच्या ताण्याला वजन म्हणून टांगलेली असत. येवल्याचा पैठणी विणकर खड्डामागावर बसून फणी स्वतःकडे ओढतो. येथे मात्र विणणारी व्यक्ती उभी राहून बाणा वरच्या दिशेने ठोकते आणि कापड वरून खाली वाढत जाते.

तरीही खरे कष्ट विणण्यात नसून कातण्यात होते. दर सेंटीमीटरला दोन्ही दिशांनी 10 धागे धरले, तर एक चौरस मीटर कापडाला किमान 2 किलोमीटर सूत लागते. टकळीवरच्या प्रयोगांत मिळालेला ताशी 35 ते 50 मीटरचा वेग लक्षात घेता, तेवढ्यासाठी 40 ते 57 तास नुसते कातावे लागते. अंगरखा, झगा, पांघरूण अशी घरातील माणसांची गरज मोजली, की ही कताई वर्षभर, इतर कामे सांभाळत चाले, याविषयी शंका उरत नाही. (संग्रहालयातील तलवारींपुढे होणारी गर्दी या टकळ्यांपुढे का होत नाही, कोण जाणे!)

अर्थात हे आकडे आजच्या हातांचे आहेत. लहानपणापासून कातणाऱ्या बाईचा वेग निराळा असणार. शिवाय लोकर कातरणे, निवडणे, विंचरणे आणि रंगवणे यांचा वेळ या हिशेबात धरलेलाच नाही.