वाड्यात खुर्च्या कुठे होत्या?

मी फर्निचर करून देण्याच्या व्यवसायात आहे, म्हणजे मोड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट वगैरे. त्यामुळे घरी पाहुणे आले, की हा माणूस त्यांना एखादे चकचकीत शोरूम दाखवील अशी लोकांची समजूत असते. मी मात्र त्यांना पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या, जुन्या घरगुती वस्तूंच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेतो, आणि बाहेर पडून चपला घालता घालता त्यांतले बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने तर तो आत असतानाच विचारला. "मामा, दिवे झाले, अडकित्ते झाले, भांडी झाली. पण या लोकांचं फर्निचर कुठाय? ही माणसं बसायची कशावर?" या प्रश्नाचे उत्तर रिक्षा मिळेपर्यंतच्या पाच मिनिटांत देता येत नाही. तुम्हीही अनेकांनी वेळोवेळी हेच विचारलंत, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी अडचण सांगतो. पेशवाईतले घर आतून कसे दिसत होते, हे पुण्यात पाहायचे म्हटले तर सोय फारशी नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतले सगळे लाकूडकाम जळून गेले. आज तिथे तट, बुरूज, दरवाजे, कारंजी आणि जोती एवढेच उरले आहे, आणि जोत्यावरून घराची लांबीरुंदी कळली तरी त्यात राहणारी माणसे कळत नाहीत. विश्रामबागवाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आहेत, ते अवश्य पाहावेत; पण तिथे खांब आहेत, संसार नाही. संसार पाहायचा तर केळकरांकडेच जावे लागते.

दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याच्या धंद्यातले गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही लिहीत. साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि पुढे सात वर्षांचा मुलगा राजा गेल्यावर त्याचेच नाव संग्रहाला दिले. १९६० पर्यंत सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या होत्या. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या आहेत. मला त्यांच्या निवडीचे नवल वाटते ते अशासाठी, की राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात; या माणसाने पाय घासायच्या वज्र्या, कुंकवाचे करंडे, विळ्या, खवण्या, कुलपे आणि दौती जमवल्या.

आता प्रश्नाकडे वळतो. वाड्यात फर्निचर होते, पण ते भिंतीत होते.

जुन्या वाड्याची भिंत दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड असे. एवढी जाडी असली की तिच्या पोटात काय काय मावते, हे आजच्या चार इंची विटांच्या भिंतीत वाढलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही. दिव्यासाठी देवळी, पोथी आणि तपकिरीच्या डबीसाठी कोनाडा, कपड्यांसाठी आणि दुधातुपासाठी दारे लावलेले फडताळ, पगडी-उपरण्यासाठी खुंट्या. फार काय, माडीवर जायचा जिनासुद्धा भिंतीतून काढलेला असे. सामान ठेवायला खोलीतली जागा अडवायची नाही, असा तो एकूण हिशेब होता. खोलीचे मापसुद्धा दोन खांबांमधल्या अंतराने, म्हणजे खणांनी मोजायचे. पाच खणी दिवाणखाना म्हटले की ऐकणाऱ्याला अंदाज येई. त्या खणांत सकाळी जेवणाची पंगत बसे, दुपारी हिशेबाची बैठक बसे आणि रात्री अंथरुणे पडत. पाट उचलून उभे केले आणि गाद्या गुंडाळून ठेवल्या की खोली पुन्हा मोकळी. आज मी बारा बाय दहाच्या बेडरूममध्ये सहा बाय साडेसहाचा पलंग बसवून देतो, तेव्हा ती खोली चोवीस तासांपैकी सोळा तास एका गादीला राखून ठेवलेली असते. गिऱ्हाइकाला हे अर्थात मी सांगत नाही.

'कपाट' या शब्दाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. उत्तरेकडे देवळाचे दार उघडले की अजूनही 'कपाट खुले' असेच म्हणतात. मग मराठीत कपाट म्हणजे वस्तू ठेवायची पेटी कशी झाली? माझा आपला तर्क असा आहे, की भिंतीतल्या पोकळीला लावलेली जी दारे, तेवढेच काय ते कपाट. पुढे भिंती बारीक झाल्या, पोकळी भिंतीतून निघून खोलीत येऊन उभी राहिली, आणि येताना दारांचे नाव बरोबर घेऊन आली. भाषेच्या अभ्यासकाने हे खोडून काढले तर माझी हरकत नाही, पण सुतारकामाच्या बाजूने पाहिले तर ते असेच घडलेले आहे.

फडताळाचा विषय निघाला म्हणून एक कबुली देतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माजघरात असे एक फडताळ होते. सागवानी, दोन झडपांचे, आत तीन कप्पे. दारांच्या चौकटीत एकही खिळा नव्हता. एका लाकडाची कोरलेली जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात बसवून वरून लाकडाचीच मेख ठोकलेली होती. उजव्या झडपेच्या कडेला, आजीचा हात रोज जिथे पडे तिथे, लाकूड काळपट आणि गुळगुळीत होऊन किंचित खोलगट झाले होते. वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा धंद्यातला म्हणून घरच्यांनी मला विचारले, की हे ठेवायचे का. मी तेव्हा नुकताच प्लायवूड आणि सनमायकाच्या कामात पडलो होतो. मी पट्टी लावली, जाडी पाहिली आणि घनफुटाचा भाव सांगितला. जुने लाकूड घेणाऱ्याने झडपा टेम्पोत टाकल्या, आणि भिंतीत एक चौकोनी भोक काही दिवस राहिले. मग भिंतही गेली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी पहिल्यांदा केळकर संग्रहालयात गेलो. तिथली कोरीव दारे पाहताना मी नक्षीकडे पाहत नव्हतो, हात लागून झिजलेली जागा शोधत होतो.

भिंतीनंतर जमीन. बसायला पाट, देवाला आणि पाहुण्याला चौरंग, लिहायला मांडीशी येणारे उतरते मेज, आणि दिवाणखान्यात गादी, लोड, तक्के. हे गरिबीचे लक्षण नव्हते. १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहासाठी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आला. त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले मोठे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मी त्याची छापील प्रतच पाहिली आहे, पण तेवढ्यावरूनही शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालाची कल्पना येते: कमानी आहेत, खांब आहेत, बिछायत आहे, आणि साऱ्या हिंदुस्थानच्या राजकारणात वजन असलेले लोक जमिनीवर बसलेले आहेत. साहेब लोकही खालीच बसले आहेत. घट्ट विजारीत मांडी घालणे त्यांना किती जड गेले असेल, हा माझ्यासारख्याला पडणारा प्रश्न. पलंग, मंचक अशा उंच वस्तू वाड्यांत होत्याच, पण त्या मोजक्या. खुर्च्या-टेबले, बिलोरी हंड्या आणि मोठे आरसे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात सर्रास दिसू लागले ते इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर.

माणूस जमिनीवर बसला की त्याची नजर जमिनीपासून अडीच फुटांवर येते, आणि मग घरातली प्रत्येक गोष्ट त्या उंचीने ठरते. वाड्यातल्या खिडक्यांच्या कडा इतक्या खाली का, याचे उत्तर हेच आहे; बसल्या बसल्या रस्ता दिसायला हवा. विळीवर बसून भाजी चिरायची, पाटावर बसून पोळ्या लाटायच्या, म्हणजे सगळे स्वयंपाकघर त्याच पातळीवर. आज मी ओटा बत्तीस ते चौतीस इंचांवर बांधतो. एकदा ओटा उठून उभा राहिला की मागोमाग जेवण टेबलावर जाते, टेबलामागून खुर्च्या येतात आणि दिवा छताला जाऊन चिकटतो. आमच्या धंद्याचे सगळे पोट त्या एका उठण्यावर आहे.

तिसरी जागा छत. कडीपाटाच्या कड्यांना पितळी साखळ्यांनी टांगलेला झोपाळा, देवघरात लामणदिवा. झोपाळा हे मला विचाराल तर मराठी घरातले सर्वांत हुशार आसन आहे, कारण त्याखालून केर काढता येतो.

मग या घरातल्या कारागिराने आपली कला दाखवायची कुठे? कोरायला सोफ्याची पाठ नाही, खुर्चीचे हात नाहीत. थोडी कला खांबांवर, तुळयांवर आणि दारांवर गेली. उरलेली सगळी हातात मावणाऱ्या वस्तूंत शिरली. म्हणून केळकर संग्रहालयातले अडकित्ते निवांत पाहावेत. अडकित्त्याचे काम काय, तर सुपारी कातरणे. दोन दांड्या, एक पाते, मध्ये एक खिळ. पण ओतारी त्या दोन दांड्यांचे स्त्री-पुरुष करतो. अडकित्ता उघडला की दोघे दूर होतात, मिटला की समोरासमोर येतात, आणि त्या येण्यात सुपारीचे दोन तुकडे होतात. दुसरीकडे घोडा असतो, पोपट असतो. वज्रीचेही तसेच. खालचा भाग टाचेचा मळ निघावा म्हणून खरबरीत, चौकड्यांचा. आणि वर धरायला मोर. न्हाणीघराच्या अंधारात, ओल्या हातात असणाऱ्या वस्तूवर मोर काढायची गरज कोणाला होती? पण त्या घरात माणसाच्या हाताला सारखी लागणारी वस्तू तीच होती. आज आम्ही टीव्हीमागच्या पॅनेलवर पैसा ओततो आणि हातात प्लास्टिकचा मग असतो.

यावरून संग्रहालय पाहायची माझी एक रीत ठरली आहे. सगळे मजले एका दमात पाहू नयेत. कुठलेही दोन विभाग घ्यावेत. गर्दी टाळायची तर सुटीचा दिवस सोडून सकाळी जावे. आणि शक्य तिथे खाली बसून पाहावे. कपाटे उभ्या माणसाच्या नजरेला मांडलेली असतात आणि संग्रहालयाला ते तसेच करावे लागते, पण समई ही वरून पाहायची वस्तू नव्हे. पाटावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याशी तिची ज्योत येते, आणि वरचा मोर त्या उजेडाच्या अगदी काठावर राहतो.

भाचीला मी हे सांगितले ते मस्तानी महालाच्या दालनात. कोथरूडला बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणून इथे पुन्हा उभे केले आहेत. तिने इकडेतिकडे पाहिले आणि दाराशी, कोणाच्या वाटेत न येता, जीन्ससकट मांडी घालून बसली. मी उभाच होतो, गुडघ्यामुळे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मामा, खोली मोठी झाली." मग म्हणाली, "आणि छत बघ ना, आत्ता दिसलं."

परवा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्या बाईंनीही माझे ऐकून संग्रहालय पाहिले होते आणि आता त्यांना बाणेरच्या फ्लॅटमध्ये देवासमोर कोनाडा हवा होता. मी जाऊन भिंतीला टेप लावली. गिलाव्यासकट पाच इंच. पलीकडे शेजाऱ्यांचे बाथरूम. "ताई, कोनाडा भिंतीत असतो," मी म्हटले, "आणि तुमच्याकडे भिंत नाही." शेवटी भिंतीपुढे नऊ इंच खोलीची प्लायवूडची पेटी करून तिला कमान कापून द्यायचे ठरले आहे. कोटेशनमध्ये मी तिचे नाव 'कपाट' असे लिहिले.