जत्रेचं नाटक कोणाच्या हाती द्यावं?

गोव्यात जत्रांचे दिवस आले की गावचीच माणसं देवळासमोर मराठी नाटक उभं करतात. दिवसा कोण बँकेत, कोण मोटारसायकलवर भाडी मारणारा पायलट, रात्री नऊला अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, तालीम. पगार कुणालाच नाही, त्यामुळे काढून टाकण्याचा धाकही चालत नाही. माणसं सांभाळायची अक्कल आहे की नाही, ते इथे लगेच कळतं.

बहुतेक ठिकाणी मोठ्या आवाजाच्या माणसाकडे सूत्रं जातात. माझ्या मते आधी त्याचे कान बघावेत. वाईट बातमी ज्याच्यापर्यंत वेळेत पोचते, तोच नाटक तारतो. "सगळं ठीक ना रे?" म्हटलं की "होय बाब" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "दुसऱ्या अंकातलं कुठलं पान अजून अडतं?" असं विचारावं. आणि उत्तर आल्यावर ओरडू नये. चारचौघांत एकदा झापलं की पुढच्या खेपेला पाठांतर कच्चं असल्याचं थेट जत्रेच्या रात्री समजतं, प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी शेवटच्या रांगेत पोचतो तेव्हा.

भूमिका वाटताना खरा कस लागतो. समितीतल्या कुणाच्या तरी मुलाला नायक व्हायचंच असतं. दोन रात्री सगळ्यांकडून वाचन करून घ्यावं, निर्णय तिसऱ्या रात्री. ज्याला भूमिका नाकारायची, त्याला यादी लागण्याआधी एकट्याला गाठून सांगावं, व्हॉट्सअॅपवर नव्हे. बरेच रुसवे तिथेच मिटतात. उरलेले गणेश चवथीपर्यंत टिकतात, त्याला इलाज नाही.

मग वेळ. 2000 सालच्या केंद्रीय नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणा-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात फार तर 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं. आपली तारीख त्यात बसते का, ते आधी पाहावं. तीन तासांचं नाटक आणि 15 मिनिटांची दोन मध्यंतरं धरली तर 12 ला आटपायला पडदा साडेआठला वर जायला हवा. त्यात पालखी लांबते, वर शाल-श्रीफळ. "सत्कार पाच, भाषण एक" हे समितीच्या अध्यक्षांना जत्रेआधीच तोंडावर सांगायची धमक हवी. नाहीतर शेवटचा अंक कापावा लागतो, आणि कात्री लागते ती छोट्या भूमिकांना. ती मुलं पुढल्या वर्षी तालमीला फिरकत नाहीत.

खर्च रोजच्या रोज वहीत, आणि नाटकानंतर आठ दिवसांत हिशेब फळ्यावर. तालमीच्या चहा-भज्यांसकट.