उपास ४० दिवस, आनंद एकच सकाळ?

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजा, ४६ भरतात. उपासाचे मात्र ४०. मधले सहा रविवार धरत नाहीत, कारण रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही. पश्चात्तापाच्या काळातही आनंदाची जागा अशी आधीच राखलेली आहे. पुढे ईस्टरचा काळ तर ५० दिवसांचा, उपासाहून मोठा. आपण ४० दिवस काटेकोर पाळतो आणि आनंद पहाटेच्या उपासनेत सुरू करून दुपारच्या मटणाबरोबर संपवतो.

नागपुरात याला ऊन कारण आहेच. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, ईस्टरचा काळ संपवणारा पेंटेकॉस्टचा रविवार २४ मेला, म्हणजे नवतप्याच्या, मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर. दुसरं कारण जुनं आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथेच, नागपुरात, सहा मंडळ्या (चर्चसंस्था) मिळून स्थापन झाली. त्यांतल्या अँग्लिकनांना सणांचं पंचांग अंगवळणी पडलेलं. बॅप्टिस्ट, ब्रेदरन परंपरांत त्याला फारसं महत्त्व नव्हतं. त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या दोन घरांत ईस्टरचा काळ वेगवेगळ्या दिवशी संपतो.

आठही रविवार आनंदाचे ठेवायचे तर तयारी लागते. जिथे ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, तिथे ती पेंटेकॉस्टपर्यंत प्रत्येक उपासनेत पेटली पाहिजे. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेली मेणबत्ती मऊ पडून वाकते, आणि कुलरच्या झोतात असेल तर एका बाजूनेच जळते. भिंतीच्या सावलीत ठेवा, वर काचेची चिमणी घाला.

कुलरचा त्रास तबल्यालाही होतो. ओल्या हवेने पुडी (वरचं कातडं) ढिली पडते आणि उपासना अर्ध्यावर येईतो स्वर उतरतो. वादकाला झोताबाहेर बसवा. गाणं मात्र बिघडतं ते बहुधा पेटीवर. वाजवणारा आपल्या गळ्याची पट्टी धरतो, अंतरा आला की निम्मी मंडळी गप्प. अंतरा वरच्या सा पर्यंतच जात असेल तर काळी एक ही पट्टी सगळ्यांना झेपते. तो वरच्या मध्यमाला भिडत असेल तर खालची काळी पाच धरा. आठ रविवारांत नवी गाणी दोनच घ्या आणि प्रत्येक सलग तीन रविवार म्हणा. पहिल्या रविवारी लोक ऐकतात, दुसऱ्याला गुणगुणतात, तिसऱ्याला गातात. दर आठवड्याला नवं गाणं दिलं की गायकवृंदाचा कार्यक्रम होतो, मंडळीची उपासना होत नाही.

सहभोजन ईस्टरलाच उरकू नका, एक मे महिन्यात ठेवा, संध्याकाळच्या उपासनेनंतर. बेत साधा: गोळाभात (डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात), वर फोडणीचं तेल, आणि पन्हं. ५० माणसांना १० लिटर पन्हं पुरतं. दोन किलो कैऱ्या उकडून गर काढायचा, त्यात दीड किलो गूळ, वेलची, मीठ. पाणी शेवटी घालायचं; आधीच घालून ठेवलेलं पन्हं या उन्हात आंबतं. खव्याची मिठाई तर नकोच.

पंगतीत कोण असावं, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात स्पष्ट आहे: मुलगे, मुली, दास, दासी, लेवी (मंदिराची सेवा करणारे), परके, अनाथ, विधवा. यादी वाचली की कळतं, हा घरच्यांपुरता आनंद नाही. बायबलमधल्याच नहेम्याच्या पुस्तकात, ८व्या अध्यायात, लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागतात. त्यांना सांगितलं जातं, रडू नका, गोडधोड खा-प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. आनंद आणि वाटा एकाच आज्ञेत आहेत. म्हणून अशा घरांचे डबे पंगत बसण्याआधी भरायचे. पंगत उठल्यावर भरले तर त्यांत गोळे नसतात, नुसता भात जातो.

ज्या घरात नुकतीच माती झाली आहे तिथला डबा पाळकांनी किंवा एखाद्या वडीलधाऱ्याने स्वतः न्यावा. ‘प्रभूमध्ये आनंद करा’ हे वचन तिथे ऐकवू नये. प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिलं होतं, स्वतःच्या दुःखात. दुसऱ्याच्या दुःखावर उतारा म्हणून ते नाही. डबा द्यायचा, थोडं बसायचं. पुढच्या रविवारी ते कुटुंब आलंच आणि गायलं नाही, तरी कोणी वळून बघायचं नाही.