डग्गा हरवलेली खोली

घरोघरी स्पीकर जोडून देण्याचे काम मी करतो. पुण्यातील एका निवृत्त तबलावादकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्याची होती: “चाट ऐकू येते, डग्गा येत नाही.” चाट म्हणजे उजव्या तबल्याच्या कडेवरचा तीक्ष्ण आवाज; डग्गा म्हणजे डाव्या हाताचा, खर्जात घुमणारा. त्यापायी त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बदलला होता आणि कानांची तपासणीही करून घेतली होती.

मलाही प्रथम वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या खर्ज काढणाऱ्या भागाचाच संशय आला, हे कबूल केले पाहिजे. जाळी काढून पाहिली, तारांची धन-ऋण टोके तपासली. सारे ठीक होते. मग 40 हर्ट्झपासून हळूहळू चढत जाणारा स्वर लावून काकांच्या खुर्चीत बसलो. ऐंशीच्या आसपास तो खाली बसला आणि शंभर ओलांडल्यावर पुन्हा वर आला. डग्ग्याची घुमक साधारण याच पट्ट्यात असते.

मोजपट्टी लावली. स्पीकरच्या तोंडापासून मागची भिंत 1 मीटरवर होती. ‘भिंतीपासून लांब ठेवा’ हा सल्ला काकांनी निष्ठेने पाळला होता. खर्जाचे स्वर मात्र मागेही पसरतात. भिंतीवरून परतणारा आवाज सरळ येणाऱ्यापेक्षा 2 मीटर जास्त चालतो आणि 86 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास 4 मीटर असल्याने परतलेली लाट बरोबर अर्धी मागे पडून सरळ आलेलीला खाऊन टाकते. आवाज वाढवला तर दोन्ही लाटा वाढतात, त्यामुळे नव्या अ‍ॅम्प्लिफायरने काय साधणार होते?

स्पीकर मागे सरकवून ते अंतर 35 सेंटिमीटर केले. आवाजातला हा खड्डा नाहीसा झाला नाही, पण 245 हर्ट्झकडे सरकून डग्ग्याच्या वाटेतून दूर झाला. काकांनी आतून स्वतःचा डग्गा आणला, मांडीशी घेऊन एक मींड, म्हणजे सलग सरकत जाणारा स्वर, काढली, मग ध्वनिमुद्रण ऐकले आणि म्हणाले, “अजून दोन बोटं मागे घ्या.” घेतले. त्यांचे बरोबर होते.

चाट मात्र जरा जास्तच कडकडत होती; ते बाजूच्या उघड्या भिंतीमुळे. काकूंचा आरसा भिंतीलगत सरकवत नेला. खुर्चीतून त्यात जिथे स्पीकर दिसला, तिथेच आवाज आदळून कानाकडे वळत होता. त्या जागी गोधडी टांगली. ती रात्री पांघरायला लागते, असे काकूंनी बजावल्यामुळे काढता-घालता येईल अशा दोन खुंट्या ठोकून मी निघालो.